पहिलं ‘नको’ धरायचं नाही

मु. कोंडाणे, ता. कर्जत

तीर्थस्वरूप कमळाकरदादांना धाकट्या उज्वलाचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे सुखरूप. वहिनींचे गुडघे कसे आहेत? (तेल पाठवलं ते लावायचं आहे, कपाटात जपायचं नाही.) फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.

तुम्ही विचारलंत, मेघाने माझ्या जेवणघराची वेबसाइट धड केली का. नसेल तर बुद्धपौर्णिमेनंतर तिला मोहोपाड्याला कंपनीत चिकटवणार म्हणालात. रोज पंचशील म्हणणारी बाई मी, खोटं लिहिणार नाही.

लेणी बघायला येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मोबाइलवरून जेवण सांगायचं, एवढंच काम. पण तुमच्या लेकीने निम्मं पान कोरं सोडलेलं! (मी हिशेबाच्या कागदाच्या पाठीवरही लिहिते.) तर म्हणते, “आत्या, बघणाऱ्याच्या डोळ्याला विसावा लागतो गं.” विसावा हवा तर डोळे मिटावेत, त्याला वेबसाइट कशाला? तिथे मी विहारातल्या वंदनेची वेळ, एस.टी.ची वेळ आणि यांचा लग्नातला फोटो घालायला लावला. (फोटो नाकापाशी कापला गेला. दोन दिवस हे माझ्याकडे पाठ करून जेवले.)

मग ते बटण. “आणखी भाकरी हवी?” खाली ‘हो’ आणि ‘नको’. ‘नको’ दाबलं की विषय संपला! आपल्याकडे पहिल्या नकोला कोणी वाढता हात आवरतं का? आईने आवरला असता तर तुम्ही एवढे भरला असतात का, दादा? मी म्हटलं, पहिलं नको धरायचं नाही, आग्रह करायचा. ती म्हणाली, “माणूस नको म्हणाला की ऐकायचं, हा आमच्या कामातला पहिला नियम हाय.” मी म्हटलं, काम तुझं, जेवणघर माझं. बिचारीने केलं. मग ‘नको’ दाबलं की “लाजू नका” असं उमटायचं, मागणीत एक भाकरी वाढायची आणि पुन्हा तोच प्रश्न.

शनिवारसाठी तीस भाकऱ्यांची मागणी आली. मी आणि शेजारची सुंदरा पहाटेपासून थापत बसलो. वाटलं, जीप भरून येणार. आले मोटारसायकलवरून नवरा-बायको. तो पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, “मावशी, आम्ही नको नकोच दाबत होतो!” बायको म्हणाली, “दाब अजून. घरी माझं ऐकतोस का कधी?”

अन्न टाकणं माझ्याने होत नाही. सुंदरा टोपली घेऊन लेण्याच्या वाटेवर बसली. उतरणारी उपाशी माणसं तुटून पडली. मेघाने तिथेच प्रत्येकाला वेबसाइट दाखवली. रात्री तिने माझा आग्रह काढला, यांचा फोटो पुसला, निम्मं पान पुन्हा कोरं केलं. (मला न विचारता. आवडलं नाही.) तेव्हापासून मागण्या बिनचूक येतात, आणि पुष्कळ येतात. (हेही कबूल करायला आवडत नाही.)

तर वेबसाइटमधल्या चुका अशा. कोणाच्या, ते तुम्ही विचारलं नव्हतं.

तुमची,
उज्वला

ता.क. तुमच्याकडचं लग्नकार्याचं मोठं पातेलं पाठवा. आमचं पुरत नाही.

ता.क. मेघाला कंपनीत चिकटवू नका. वाढायला मी आहे, पण लोकांचं नको ऐकणारं एक तरी माणूस घरात हवं.

ता.क. उत्तर ‘हो’ असं पाठवा. ‘नको’ लिहिलंत तर मेघा ऐकेल. मी ऐकणार नाही.