तीन राण्या आणि तुमची सायकल

दादा,

आज रविवार, १३ फेब्रुवारी १९७२. दुपारचे साडेचार वाजलेत. उद्या कामावर पायी जायचं आहे म्हणून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत बसलो होतो, तो बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील. राहात्याच्या बाजाराला ज्या सायकलवर पेरूच्या पाट्या बांधून तुम्ही न्यायचात, ती आता माझ्याकडे नाही. नागापूरच्या ज्या वर्कशॉपात मी बोल्टांना आटे पाडतो, तिथल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला मी मागच्या रविवारपर्यंत तीन पानांच्या खेळात थोडे थोडे करत चाळीस रुपये हरलो आणि त्याने सायकल ठेवून घेतली. आजच्या दिवसात पैसे दिले नाहीत तर उद्या बाजारात विकतो म्हणाला. आज सकाळी माझ्याकडे सत्तावीस होते. तेरा कमी पडत होते.

बाप असून खेळ तुम्हीच शिकवलात. मी लहान आहे, गोकुळाष्टमी आहे, आई चुलीपुढे बसली आहे, आपण पैशांऐवजी चिंचोके लावून खेळतोय. “खेळ झाला की मोजून द्या, मला भाजायचेत,” आई म्हणते. मला तीन बादशहा येतात आणि मी ओरडून सगळे चिंचोके पुढे ढकलायला जातो, तेव्हा तुम्ही माझं मनगट धरता. “हळू. एकेक टाक. चांगलं पान आलं म्हनून नाचू न्हाई.” तुम्ही रागावला नव्हतात, हे मला आता कळतं. पण तेव्हापासून चांगलं पान आलं की माझा हात आखडतो.

माझ्या शेजारच्या लेथवरच्या मिस्त्रींनी ते ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, “लेका, तू भारी पानावर चार आणे लावतो अन् लोक चहाच्या पैशात तुझं पान बघून जात्यात. दाबून लाव की!” आठवडाभर आटे पाडताना मी मनातल्या मनात दाबून लावत होतो.

आज वर्कशॉपच्या गोदामामागे पोत्यावर बसलो आणि खरंच तीन राण्या आल्या. तीन सारख्या पानांना हरवणारी पानं फार थोडी. मी एकदम पाच रुपये टाकले. एकेकाने पानं खाली ठेवली. ड्रायव्हर हसायला लागला. “ह्यो भित्रा पाच टाकतोय, म्हंजी तिन्ही सारखी हायेत त्याच्याकडं. मी काय येडा हाय व्हय?” मधे पडलेला दीड रुपया तेवढा मला मिळाला. मागे बसलेले मिस्त्री कानाशी वाकले, “आता हलक्या पानावर बी असंच लाव. मग कुनाला कळायचं न्हाई.”

पुढच्या डावाला दुर्री, सत्ती आणि गुलाम आले. मी पाच लावले. मग दहा.

“दर डावाला तिन्ही सारखी येत्यात व्हय रं?” असं म्हणत ड्रायव्हरही लावत गेला. माझे संपले तेव्हा मिस्त्रींनी न विचारता पंधरा रुपये पुढे केले. तेही मी मधे टाकले आणि पानं उघडायला सांगितली. ड्रायव्हरकडे नुसती नव्व्यांची जोडी होती, पण माझ्या पानांना तेवढीही पुरली. त्याने मधले पैसे गोळा करून खिशात घातले. मी चालत घरी आलो.

दादा, तुम्हाला नीट सांगायचं तर ती फालतू पानं हातात असताना माझा हात अजिबात आखडला नाही. दहाची नोट सोडताना मला इतकं मोकळं वाटलं की क्षणभर सायकल आठवलीच नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या गोदामामागे जाईन. जाऊ नये हे कळतं, आणि जाईन हेही कळतं. हे तुम्हालाच सांगता येतं, कारण तुमच्याकडे टपाल जात नाही.

गेले : सत्तावीस रुपये, आणि जिंकलेला दीड.
देणे : ड्रायव्हरचे चाळीस सायकलीत फिटतील. मिस्त्रींचे पंधरा राहिले.