खटारा म्हणायचा हक्क

सेक्टर २७, नवा रायपूर
मंगळवार, दुपार

आदरणीय यशवंतराव यांस,

रत्नाकरचा नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींची शुगर आणि अंगणातलं लिंबाचं झाड, तिघांचीही तब्येत बरी आहे असं धरून चालतो. वर्ध्याला फोन लावायचा सोडून हे पत्र काहून लिहून राहिलो, असं तुम्ही विचारालच. तर फोनवर तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी ओरडतो, आणि ते तुमच्याआधी स्वयंपाकघरात तुमच्या बहिणीला ऐकू जातं. सध्या तसं व्हायला नको.

गाडीचं तुम्हाला कळलंच आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी माझं चालवणं बंद केलं, तेव्हा कुमुदने अठ्ठावन्नाव्या वर्षी लायसन काढलं. सात महिने झकास चालवली. आणि मागच्या महिन्यात मंत्रालयाकडच्या रस्त्यावर वासरू आडवं आलं, तिने स्टिअरिंग फिरवलं, गाडी दुभाजकावर चढली आणि पाटीच्या खांबाला भिडली. (रस्ता एवढा रुंद आहे की लग्नाचा मांडव टाकून शेजारून वरात नेता येईल. त्यावर धडकायला खांब सापडणं हेही नशीबच म्हणायचं.) आम्हाला खरचटलंही नाही. गाडी मात्र संपली. गॅरेजवाल्याने नुसतं पाहिलं आणि मला चहा पाजला, त्यावरूनच मी समजलो. आता इथे बस कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. म्हणजे विम्याचे पैसे नीट मिळाले तर दुसरी गाडी, नाहीतर आम्ही दोघं बाल्कनीत बसून लोकांच्या गाड्या मोजणार.

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, सुशील साहू नावाचा. पोरगा गुणी. गाडी आमच्याच बिल्डिंगखाली आणून टाकली होती, तिला प्रदक्षिणा घालून तो वर आला. आणि इथे आपलं घराणं नडलं. पाहुण्यासमोर आपल्या वस्तूचं कौतुक करायचं नाही ही तुमच्या आईंची शिकवण. कुमुदने पोहे दिले आणि म्हणाली, बिघडलेच आज. (त्याने दोनदा घेतले.) मग त्याने गाडी कशी होती म्हणून विचारलं, तर त्याच सुरात बाईसाहेब सांगून मोकळ्या, अरे भैया, कसली गाडी, आमच्या कामापुरती होती, बस खटारा ही समझो. पोह्यांचं त्याने काही लिहून घेतलं नाही. गाडीचं अक्षरन् अक्षर लिहिलं. मी टेबलाखालून पाय मारला तर तो साहूला लागला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पॉलिसीवर गाडीची किंमत दोन लाख चाळीस हजार, आणि कंपनी देणार दीड लाख, कारण 'मालकाच्या कुटुंबाच्या सांगण्यानुसार वाहनाची अवस्था साधारण'. माझं डोकंच फिरलं. शहरातल्या त्यांच्या ऑफिसात तीन चकरा मारल्या. तिथल्या बाबूने मान वर न करता ज्या सफाईने मला सोमवारी या म्हटलं, ती मी लगेच ओळखली. एकतीस वर्षं सरकारी टेबलावर बसून मीही लोकांना असंच म्हणत होतो. त्यामुळे धड रागावताही येईना.

शेवटी साहू पुन्हा यायला तयार झाला. मी कुमुदची तालीम घेतली. म्हण, गाडी लाखात एक होती. ती म्हणे, असं स्वतःच्या तोंडाने कसं म्हणू, लाज वाटते. दोन दिवस घोकवून घेतलं. आणि साहू समोर बसल्याबरोबर पुन्हा तेच, काय सांगू भैया, जुनीच हो. मी कपाळाला हात लावला. पण तेवढ्यात बिचाऱ्या साहूने चूक केली. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, हव दीदी, खटारा तो थी ही.

यशवंतराव, तुम्ही तिथे पाहिजे होता. खटारा? आमच्या गाडीले खटारा म्हणतोस? तुमची बहीण मराठीत सुरू झाली, मध्ये हिंदीत गेली आणि पुन्हा वऱ्हाडीत येऊन थांबली. आपण आपल्या गाडीला काहीही म्हणू, दुसऱ्याने नुसती मान हलवायची नाही, हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं. शंकरपाळ्यांच्या डब्यातून सर्व्हिसिंगची आठ वर्षांची बिलं निघाली. नवे टायर, नवी बॅटरी, दसऱ्याच्या पूजेचे फोटो, सगळं त्याच्या मांडीवर. अर्ध्या तासाने साहू म्हणाला, दीदी, सव्वादोन लिखता हूँ, बस गुस्सा मत करो. मी एक शब्द बोललो नाही. बाहेर मात्र सगळ्यांना सांगून राहिलो की सेटलमेंट मी केली.

पैसे शुक्रवारी खात्यात आले. पण आता ती दुसऱ्या गाडीचं नाव काढू देत नाही. पैसे बँकेत राहू द्या म्हणते, माझ्या हाताला यश नाही. तुम्ही तिला फोनवर रागावला होता, या वयात कशाला ही हौस म्हणून, तेव्हापासून लायसन कपाटात आहे. एरवी माझं ती शंभरदा ऐकत नाही, तुमचं मात्र एका शब्दात ऐकते.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
रत्नाकर

ता. क. लिंबाचं लोणचं कुणी येणारं असेल तर पाठवा. घाई नाही.

ता. क. दुसरा. घाई आहे ती याची. ते वासरू नव्हतं. दुभाजकावर पाणी घालणाऱ्यांचा काळा पाइप गुंडाळून पडला होता. तोही रस्त्याच्या कडेला. मला ते वासरू दिसलं, मी ओरडलो आणि तिच्या हातातलं स्टिअरिंग ओढलं. कुमुदला पाइप पाइपच दिसत होता. साहूला, शेजाऱ्यांना, तुम्हाला, सगळ्यांना तिनेच सांगितलं की वासरू होतं आणि चूक तिचीच. तुमची बोलणी खाल्ली, तरी बोलली नाही. मलाही कधी दोष दिला नाही. मला लाज वाटते हो.

तेव्हा रागवायचं असेल तर मला रागवा. तिला फोन करा आणि एवढंच म्हणा की नवी गाडी घेऊन वर्ध्याला ये, मी वाट पाहून राहिलो. मी मागच्या सीटवर बसेन.