मिक्सरच्या चिठ्ठीचा काळ

राहाता
(तारीख नंतर घालतो)

चि. रेव्हरंड डॉक्टर याकोब यास दाजीचा सप्रेम सलाम. इकडे मी बरा आहे, म्हणजे गुडघे सोडून. तुझ्या बायकोचं पित्त आणि तुझी विद्वत्ता, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (चिडू नकोस. वर्षभराने लिहितोय, एवढं चालायचंच.)

गेल्या उन्हाळ्यात माझ्या घरी, माझीच वांगी खात तू म्हणालास की, पवित्र शास्त्रातलं ‘उपदेशक’ हे पुस्तक शलमोन राजाने लिहिलंच नाही, कितीतरी शतकांनंतर दुसऱ्याच कुणी लिहिलं. का, तर त्यात बागेसाठी एक फारसी शब्द आहे आणि शलमोनाच्या काळी तो तिकडे पोचलाच नव्हता. छत्तीस वर्षं मी चर्चच्या मंडळीत दर रविवारी शलमोन शिकवला होता. मी ताट सरकवलं, नको ते बोललो. तू उठलास. तुझी बहीण तुला एस.टी.वर सोडून आली आणि तिने माझ्याशी अबोला धरला. अबोल्यात एस्तेर कामापुरत्या चिठ्ठ्या लिहायची, हा आमच्या संसाराचा जुना रिवाज. मग ती आजारी पडली, दवाखान्याची धावपळ झाली, आणि पावसाळा सरायच्या आत ती गेली. मातीला तू आलास, पण आपण एकमेकांशी बोललो नाही.

त्यानंतर तुला खोटं पाडायला मी खाजाभाईकडे गेलो (पंखे, मिक्सर दुरुस्त करतो आणि उर्दू वाचतो, म्हणजे इथला भाषातज्ज्ञच). परक्या शब्दावरून लिखाणाचा काळ ठरतो का, विचारलं. तो हसला. ‘गुरुजी, तुमच्या सातबाऱ्यावरची बागायत-जिरायत कुठून आली? ती बी आमच्या उर्दू-फारसीकडचीच हाय.’ म्हणजे तुझ्या न्यायाने माझा सातबारा खुद्द निजामशहाने लिहिला! मी खूश होऊन घरी आलो.

परवा शास्त्र उघडलं, तर ‘उपदेशक’मध्येच तिची चिठ्ठी. ‘मिक्सर खाजाभाईकडून आणा. भाकरी झाकून ठेवली आहे. राग गेला.’ तारीख नाही. याकोब, मी ती उजेडात धरून तीनदा वाचली. कोणता राग? तुझ्यावरून झालेला तो, की आधीचा एखादा? मग लागलो तुझ्याच धंद्याला. ‘मिक्सर’ हा शब्द आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी आला, सबब चिठ्ठी त्याआधीची नाही. कोपऱ्यात हळदीचा डाग (पुरावा म्हणून निकामी, तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर तो आहे). पुन्हा खाजाभाईला गाठलं. ‘दोनदा आल्ता मिक्सर,’ तो म्हणाला. ‘एकदा लई आधी, अन् एकदा त्या भांडनानंतर.’ झालं! विद्वानांत दोन पक्ष, आणि दोन्ही पक्षांत मीच.

मला तिची फार आठवण येते रे. भाकरी मी आता थापतो, झाकूनही ठेवतो. पण झाकून ठेवली आहे, हे सांगायला कुणी नाही.

असो. मंडळीचं छत गळतंय, बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

तुझा दाजी,
शांतवन

ता. क. – शेवटच्या दोन महिन्यांत ती तुला पत्रं लिहायची (मोबाईलवर तिचा विश्वास नव्हता). ती घेऊन ये. तेव्हा तिचा हात कापायचा. तो कंप चिठ्ठीत आहे का, मला चष्मा लावूनही ठरवता येत नाही.

आणखी ता. क. – अक्षर आधीचं निघालं, तर मला सांगू नकोस. शलमोन तू घे, हव्या त्या शतकात नेऊन ठेव, मी मंडळीत तसंच शिकवीन. चिठ्ठी तेवढी भांडणानंतरची असू दे.