लाल डोळ्याचा फोन

११ नोव्हेंबर, सोमवार
दौंड सोडलं, शिरूर गाठलं! एसटीत बसवताना अम्मी एवढी रडली, की शेजारच्या बाईला वाटलं मी सासरी निघालेय. नोकरी डोळ्यांच्या दवाखान्यात आणि खोली त्याच्याच वरच्या मजल्यावर, त्यामुळे उशिराची सबब कायमची गेली. सिस्टर सुवर्णाताईंनी काम शिकवलं. पेशंटना बाकावर ओळीने बसवायचं, माना मागे करायला लावायच्या आणि डॉक्टर मॅडमनी डोळ्याचं प्रेशर तपासण्याआधी प्रत्येकाच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकायचा. बाटली सगळ्यांना एकच. फक्त टोक पापणीला लागता कामा नये. लागलं तर बाटली सरळ कचऱ्यात. फोनही मीच घ्यायचा. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्या कुणाचा डोळा लाल झाला, दुखला किंवा चिकटला, तर लगेच बोलवायचं. एवढं तर शेंबडं पोरही सांभाळेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार
आज पाय ठेवायला जागा नव्हती. पण माझा हात आता बसलाय. निमोण्याच्या म्हाळसाबाई म्हणाल्या, पोरी, तुजा हात लई हलका हाय. त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला. डावा दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन करून वाचवला. डोळ्यातलं पाणी झिरपायला बारीक वाट करतात, तिच्यावर वरच्या पापणीखाली पातळ फुगा राहतो. मॅडम म्हणतात, जंतूंना आत शिरायला तेवढी जागा पुरते.

त्यांच्या आधी कोंडिबा आबा बसले होते, पापण्या चिपडांनी भरलेल्या. टोक लागलं. चिकट तार निघाली, मी पाहिली. नवी बाटली कपाटात, किल्ली सुवर्णाताईंकडे, आणि त्या जेवायला गेलेल्या. मॅडम आतून पेशंट पाठव म्हणून ओरडत होत्या. मी टोक ओढणीला पुसलं आणि म्हाळसाबाईंची हनुवटी वर केली. त्या शेवटच्याच होत्या. मग बाटली टाकून दिली. काही होणार नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
म्हाळसाबाईंनी स्वतः फोन केला. पोरी, डोळा सकाळधरनं लाल झालाय, चिकाट येतंय, येऊ का?  आल्या तर थेंब कसा टाकला, हे मॅडम विचारणारच. मी म्हणाले, आजी, धुळीनं होतं असं, शुक्रवारी या. बरं म्हणाल्या. मला जेवण गेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
डोळ्यात पू झालाय, अगदी आतपर्यंत. मॅडमनी टॉर्च मारला तर उजेडही कळेना. त्या म्हणाल्या, साखर आहे, फुगा पातळ आहे, घाणेरडा हात असो की पापणीची घाण, जंतू शिरायला वेळ लागत नाही. पण चार दिवस घरी का बसलात? मी भिंतीला टेकले होते. म्हाळसाबाई म्हणाल्या, माजंच चुकलं, खंडोबाचा भंडारा लावताना डोळ्यात गेला आसंल, आन् अंगावर काढलं मीच. माझं नाव घेतलं नाही. सून मोनिका त्यांच्यावरच चिडली.  गाडी पुण्याला गेली. मला माझीच लाज वाटते.

२५ नोव्हेंबर, सोमवार
डोळा काढावा लागला. आता दोन्ही नाहीत. सुवर्णाताई सांगत होत्या, तेव्हापासून म्हातारी कुणाशी बोलत नाही.
दुपारी फोन वाजला. पोरी, डोळा लाल झालाय, येऊ का? तोच आवाज. आणि माझ्या तोंडून निघालं, शुक्रवारी या.

२६ नोव्हेंबर
पुन्हा तेच. मोनिकाला फोन लावला. ती म्हणाली, आत्याबाई हितं पुण्यालाच खाटंवर हायती, फोन निमोण्याला घरात, बंद पडलेला.

२७ नोव्हेंबर
फोनची वायर काढून ठेवली. तरी वाजला. या म्हणायचं, आत्ता या म्हणायचं — तोंड ऐकत नाही. शुक्रवारी या. शुक्रवारी या.

२८ नोव्हेंबर
मॅडमना सगळं सांगायला गेले. तोंडातून निघालं, चहा आणू का. मी किती भित्री — किती नीच —

२९ नोव्हेंबर
फोन आला नाही.
शुक्रवार आहे आज.
दुपार. सगळे जेवायला गेलेत. बाक रिकामा होता. आता नाही.
मान मागे. हात मांडीवर. हळदीचा वास. पापण्या मिटलेल्या, खोल —
म्हणतात, तू दिलेल्या वारी आले गं.
थेंब मागत नाहीत. रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर —
एवढंच विचारतात, पोरी, खरं सांग, मी कवा यायला पायजे हुतं?
सांगते, आजी. या वेळी सांगते. सोमवारीच. सोमवारीच या म्हणायला हवं होतं, पण ते टोक मी —