तणखात्याचे साहेब

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमचं मांजर बरं असेल असं धरून चालतो. इकडे गाई ठीक, मी ठीक, कुरण मात्र ठीक नाही.

दोन वर्षांपूर्वी कुंपणाशी आलेलं जांभळं फूल मी कौतुकाने पेल्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं, आठवतं? ते बाहेरून आलेलं काटेरी तण निघालं. वरचं अर्धं कुरण त्याने गिळलंय. गाई त्याला तोंड लावत नाहीत, आणि काट्यांच्या भीतीने आजूबाजूच्या गवतालाही नाही. बोंडं फुटायला फार तर दहा दिवस आहेत. एकदा बियांच्या म्हाताऱ्या उडाल्या की खालचंही कुरण गेलं, मग गाई विकायच्या.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. रोज सकाळी शिकवतात. ताई, फोनवर सांगवलं नाही, पण बाबा मला ओळखत नाहीत. महिना झाला. मोडक्या खांबांची यादी करायला मी वही घेऊन कुरणात उभा होतो, तर त्यांनी मला तणखात्याचा साहेब ठरवून टाकलं (असं खातं कुठे असलंच तर त्याने माफ करावं). तेव्हापासून रोज पाहणी. खोडाला काटेरी झालर, पानाची मधली शीर पांढरट, फूल मान खाली घालून उभं, म्हणून गरीब वाटतं, पण फसायचं नाही. शंभर पावलांवरून ओळखतात. मग धाकट्या मुलाच्या तक्रारी: आळशी आहे, आणि तण पेल्यात घालून टेबलावर सजवतो. मी सगळं वहीत उतरवून खाली त्यांची सही घेतो. अर्धी वही भरली. खरं सांगतो, रडू येतं, आणि तरी सकाळची वाट बघतो, कारण साहेबांशी ते तासभर बोलतात.

काल धीर करून विचारलं, या मुलाचं काय करायचं. त्यांनी वाकून एका काट्याचं बुड न्याहाळलं. मग म्हणाले, "साहेब, तो नुसत्या हातांनी उपटतो. खात्याकडून हातमोजे मिळाले तर बघा. मी मागितले म्हणून त्याला सांगू नका."

हे मात्र मला वहीत लिहिता आलं नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. दहा दिवसांच्या आत ये. मुळासकट काढायला माणूस हवं, आणि तुझं नाव ते अजून घेतात.

ता.क. दुसरा: आल्यावर त्यांच्यासमोर सवयीने मला धाकट्या म्हणू नकोस, साहेब म्हण. धाकट्यासाठी त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलंय. ते त्याला कळलेलं त्यांना चालणार नाही.