चहाचा चमचा

२ जून
डॉक्टर परत कधी येणार? रोज कुणी ना कुणी मलाच विचारतं. घरातली पहिली पदवीधर, म्हणजे मला ठाऊक असणारच! मला ठाऊक नाही. पूल वाहून गेल्याला आठ महिने झाले. दवाखान्याला कुलूप, औषधं संपत आलेली. 'येतील हो' म्हणायचं मी आजपासून सोडलं. येणारच नाहीत असं धरून तयारीला लागायचं.

३ जून
कंपाउंडरकाकांना गाठलं. दवाखाना बंद पडल्यापासून आमचे डॉक्टर तेच. "पदवी कशातली?" भूगोलातली. "वा! मग रोग कुठे आहे ते तू सांग, काय आहे ते मी बघतो." हसले, पण कपाटातलं जुनं आरोग्याचं पुस्तक दिलं. ठरलं! एका दुखण्याला एक कागद, घरोघरी भिंतीवर. भाजणं, वाहती जखम, ताप, जुलाब.

११ जून
चाळीस घरं, चार-चार कागद, सगळे हाताने. बोटाला घट्टा पडला. जुलाबाचा सर्वांत छान उतरलाय: उकळून गार केलेलं पाणी एक लिटर, साखर सहा चमचे, मीठ अर्धा चमचा. चहाचा चमचा, सपाट भरून. पुस्तकात पुढे '५ मि.लि.' असंही होतं. ते गाळलं. लोक उगाच गोंधळतात.
वहिनीने आमचा कागद ओट्यावर चिकटवला. "वन्सं, अक्षर काय सुरेख! छापल्यासारखं." दिवसभर हवेत होते.

२० जून
नळाच्या पाण्याला वास. जुलाबाची साथ आलीच. पण कागद कामाला येतायत! मागच्या गल्लीतला शिंपी उठून बसला. मला हात जोडले त्याने. लाज वाटली. आवडलंही.

२४ जून
ठमीलाही जुलाब लागले. दादाची पोर, दहा महिन्यांची. वहिनी पाणी करून थोडं थोडं पाजतेय. मी दिवसभर घरोघरच्या फेरीवर.

२५ जून
ठमीची तहान भागतच नाही. पाजलं की पुन्हा तोंड उघडते. काका म्हणाले, पाजत राहा.
पाजत राहिलो.

२६ जून
ठमी गेली.

२९ जून
आईला कुणाला तरी बोलायचंय, म्हणून ती वहिनीला बोलते. "एवढं लिहून दिलेलं, तेही धड करता आलं नाही!" वहिनी मान खाली घालून भांडी घासते. दादा भिंतीकडे बघत बसतो.

१ जुलै
चहा करायला उभी राहिले. चमचा सापडेना. वहिनी म्हणाली, "चहाचा चमचा ना? डब्यातच आहे की."
तो हातात आला. चहापत्तीच्या डब्यात कायम पडलेला, खोलगट, लहानपणापासून बघत आलेला.
"ठमीचं पाणी याने केलंस?"
"मग? तुम्हीच लिहिलंय. चहाचा चमचा."
मोजून पाहिलं. पुस्तकातले तीन चमचे यात मावतात. तिप्पट मीठ! म्हणून ती तहान भागत नव्हती.
"काय झालं, वन्सं? मीठ जास्त पडलं का माझ्याकडून? चाखलं होतं मी. खारट लागलेलं. पण म्हटलं, तुम्ही शिकलेल्या. माझ्या जिभेचं काय एवढं!"
"काही नाही," म्हणाले. 

२ जुलै
बाकीच्या घरांत कसले चमचे असतील?
काकांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "आणखी कुणाला बोललीस? बोलू नकोस. नवे कागद काढ, गुपचूप बदल. विचारलंच तर सुधारून लिहिलेत म्हण. कागदावरचा विश्वास उडाला तर उद्या भाजल्यावर पुन्हा टूथपेस्ट फासतील. साथ अजून संपलेली नाही, पोरी."
त्यांचं चुकतंय असं म्हणता येईना.
जेवताना आई पुन्हा वहिनीला बोलली. वहिनी ताटावरून उठली. मी घास गिळला. गिळता आला, याचंच आश्चर्य वाटतंय.

४ जुलै
काकांनी औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची टोपणं दिली. टोपणावर पाच मि.लि.ची रेघ आहे. प्रत्येक घराला एक. आता चमचा हा शब्दच नको. लिहायला बसले. वीस झाले. वहिनी शेजारी येऊन शाई सुकवायला कागद पसरत होती. एकेक, जपून.
तिच्या हातातले घेतले आणि सगळे फाडले. ती घाबरली.

६ जुलै
काल आधी आईला आणि वहिनीला समोर बसवून सांगितलं. मग आज चाळीस दारं केली. जुने कागद काढून घेतले, टोपणं दिली, नवे चिकटवले. वरच्या ओळी काकांना दाखवल्या नव्हत्या: 'आधीचं माप मी चुकीचं लिहिलं. त्याने आमच्या घरातलं बाळ गेलं. पाजण्याआधी स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्या, मी काहीही लिहिलेलं असो.'