हरलेला रातकिडा

कँथो, ४ मार्च

ती. साउमामा यांस,
थोआचे शि. सा. न.

पत्र रडतरडत लिहितेय, हसू नका. मेंदूच्या प्रयोगशाळेत यंदा नवीनच खूळ निघालंय. पूर्वी कृती लिहून मिळायची, आम्ही ती करायचो. आता कुयेनबाई म्हणतात, प्रश्न तुम्हीच शोधा, रीतही तुम्हीच ठरवा. मी तीन प्रश्न नेले, तिन्ही परत! म्हणाल्या, ही उत्तरं पुस्तकात आहेत, तुला स्वतःला काय कळत नाही ते सांग. मामा, मला पाठांतराशिवाय काही येत नाही हो. वीस तारखेपर्यंत प्रश्न दिला नाही तर मी नापास, आणि शिष्यवृत्ती गेली की घरी. आईला सांगू नका. समोर पेटीत चाळीस रातकिडे किरकिरतायत, त्यांना कसली काळजी!

रागावलात तरी लोभ सोडू नका.
थोआ

सादेक, ९ मार्च

चि. थोआ हीस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, चाळीस रातकिडे असून रडतेस? आम्ही त्यांच्या झुंजी लावायचो. हरलेला किडा मग कुणाला भिडत नाही. पण त्याला केसाला बांधून गरागरा फिरवलं, की पुन्हा अंगावर धावून जातो. केस तुझ्या आईच्या वेणीतला असायचा, तिला अजून राग आहे. असं का होतं, हे मी पाचवीत गुरुजींना विचारलं, आणि नेमका तेव्हाच खिशातला किडा ओरडला. छड्या खाल्ल्या, आणि शाळा सुटली ती सुटलीच. तू बाईंना विचार, पण जपून.

सुकी मासळी पाठवतोय, एकटी खाऊ नकोस.
साउमामा

कँथो, २ एप्रिल

ती. मामा,
शि. सा. न.

पास झाले! हुश्श! तुमचा प्रश्न ऐकून बाईंनी मलाच विचारलं, फिरवल्यामुळे भिडतो की बांधल्यामुळे? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मग हरलेल्या वीस किड्यांपैकी दहा फिरवले, दहा नुसते बांधून ठेवले. केस माझेच. फिरवलेल्यांतले आठ भिडले, बांधलेल्यांतला एकच. का, ते पुढच्या सत्रात शोधायचंय, आणि मला चक्क घाई झालीय.

अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहिलंय, ‘हा प्रश्न माझे मामा लान्ह यांनी पाचवीत असताना विचारला होता.’ (अहवालात ‘साउमामा’ कसं लिहिणार, म्हणून तुमचं खरं नाव घातलं.) बाईंनी विचारलं, तेव्हा उत्तर काय मिळालं? मी सांगितलं, छड्या. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, त्यांना एकदा वर्गात घेऊन ये.

याल ना? वाट पाहते.
थोआ

सादेक, ८ एप्रिल

चि. थोआ,
खूप खूप आशीर्वाद.

ती ओळ मी वाचली, मग तुझ्या आईकडून तीनदा मोठ्याने वाचून घेतली. चौथ्यांदा ती रडायलाच लागली, मीही.

येतो. सदरा धुऊन ठेवलाय. खिसे रिकामे आणू की भरलेले, तेवढं बाईंना विचारून कळव.

साउमामा